महाप्रसाद : चुलीपासून पंगतीपर्यंत

(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या ग्रामसभेतील भाषण)



मंदिराचे काम पुरे झाले. कोणी सिमेंटचे पोते दिले, कोणी सागवानाचे दार दिले, कोणी नुसती चार दिवसांची मजुरी दिली. त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत येतीलच. आता राहिला तो कलशारोहणाचा महाप्रसाद. पाच-सात गावची मंडळी येतील, लेकी-जावई येतील, आणि दिवस उन्हाळ्याचे आहेत. दगड-विटांविषयी वर्षभर पुष्कळ बोलून झाले. आज चार शब्द भात, वरण आणि भाजीविषयी.

माजरी हे गाव आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच, भद्रावती तालुक्यात, कोळसा खाणीच्या वस्तीचे. एप्रिल २०२४ मध्ये, चैत्र नवरात्राच्या दिवसांत, तेथे देवीच्या मंदिरात महाप्रसाद झाला. लोक आनंदाने जेवून घरी गेले आणि मग घरोघर उलट्या व हगवण सुरू झाली. सत्तरच्या वर माणसे दवाखान्यात गेली आणि एक वृद्ध गृहस्थ मरण पावले. त्याआधी चार महिने, डिसेंबर २०२३ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात सोडे येथील शासकीय मुलींच्या आश्रमशाळेत दुपारच्या जेवणानंतर शंभराहून अधिक मुलींना बाधा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडीला एका धार्मिक कार्यक्रमात भगर व आंबील घेतलेले दोन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. त्यानंतर पंधरा दिवसांतच, २० फेब्रुवारीच्या एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा गावी हरिनाम सप्ताहात भगर-आमटी घेऊन काही शे माणसे आजारी झाली. दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा माणसे रस्त्यावर निजवली, झाडांना दोऱ्या बांधल्या आणि त्या दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत पुष्कळांनी पाहिली असतील.

या चारही ठिकाणी अन्न श्रद्धेने किंवा कर्तव्याने रांधलेले होते. कोणी कोणाच्या वाईटावर नव्हते. तरीही अशी बातमी आली की पहिला प्रश्न निघतो तो, ‘अन्नात काय पडले?’ आणि उत्तरही ठरलेले असते, ‘पाल पडली.’ घरातली पाल विषारी नसते हे कितीदा सांगावे? अन्नात पाल पडणे किळसवाणे खरेच, आणि ते अन्न टाकूनच द्यावे. पण शे-दोनशे माणसांना एका रात्रीत आडवे करील इतके विष तिच्या अंगी नाही. पालीवर भागले नाही म्हणजे मग माणसावर संशय जातो. अमक्याने काही टाकले, तमकीने करणी केली. हा संशय पालीपेक्षा पुष्कळ घातक. आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो लागूही होतो. पण आजार कशाने होतो हे गावाला ठाऊक असेल, तर प्रकरण कायद्यापर्यंत जाण्याची वेळच येत नाही. म्हणून कारण नीट समजून घेऊ.

अन्नातून होणाऱ्या या उलट्या-हगवणीमागे बहुतेक वेळा जंतू असतात, आणि त्यांतले काही जंतू असे आहेत की ते स्वतः जितके त्रास देत नाहीत, तितके त्यांनी तयार केलेले विष त्रास देते. जंतू वेगळा आणि त्याचे विष वेगळे, ही गोष्ट ध्यानात घेण्यास शास्त्रज्ञांनाही फार वर्षे लागली. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात ओळखला. पण तो आतड्यात काय करतो, हे सिद्ध करण्याचा मान कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांच्याकडे जातो, आणि त्याला १९५९ साल उजाडावे लागले. ज्या द्रवात जंतू वाढले होते, तो द्रव त्यांनी गाळून जंतुविरहित केला आणि सशाच्या आतड्यात सोडला. जंतू एकही नाही, तरी आतडे पाण्याने भरून आले. मागे राहिलेले विषच ते काम करीत होते. एवढा मोठा शोध साध्या साधनांनी लागला, आणि डे यांचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकात शोधूनही सापडत नाही.

आता हे आपल्या गंजातल्या भाताला लावून पाहू. आपला मुलूख धानाचा. धान चिखलात उगवते आणि चिखलात एक जंतू राहतो, त्याला बॅसिलस सेरियस म्हणतात. तो वाळला, भुकेला झाला की स्वतःभोवती कवच करून बी होऊन बसतो. कोठीतले बियाण्याचे धान जसे वर्षभर निपचित असते आणि ओल मिळाली की कोंब काढते, तसेच हे. तांदूळ धुतला तरी त्यातले काही बी राहतेच, आणि भाताला आधण येते तेव्हाही ते मरत नाही. भात शिजून उतरला, हळूहळू कोमट झाला, की त्याला कोंब फुटतो. ओल आहे, ऊब आहे, खायला भरपूर आहे आणि दुसरा जंतू शिल्लक नाही, कारण बाकीचे उकळीत मेले. अशा भातात तो वाढतो आणि विष सोडतो. हे विष असे चिवट की भात पुन्हा वाफवला, फोडणीला टाकला, तरी ते जसेच्या तसे राहते. भाताला वास येत नाही, आंबूस लागत नाही, तार सुटत नाही. जेवल्यावर एक ते सहा तासांत माणूस ओकू लागतो.

दुसरा जंतू माणसाच्या अंगावरचा. स्टॅफिलोकॉकस त्याचे नाव. चांगल्या धडधाकट माणसांपैकी कित्येकांच्या नाकात तो असतो. बोटाला पिकलेली जखम, हातावर फोड असेल तर तेथे तर त्याचे घरच. त्या हाताने खव्याला, खिरीला, कालवलेल्या पिठाला हात लागला आणि तो पदार्थ काही तास तसाच राहिला, की विष तयार. अर्धा तास उकळले तरी हे विष पुरते जात नाही. १९१४ साली फिलिपाइन्समध्ये बार्बर नावाच्या एका संशोधकाने हे स्वतःवर करून पाहिले. एका गायीचे दूध ताजे प्याले तर काही होत नसे. तेच दूध काही तास उबेत ठेवून प्याले की उलट्या होत. गायीच्या कासेत हा जंतू होता. दूध तेच, गाय तीच, फरक फक्त मधल्या तासांचा. आणि हा केवळ गरिबाघरचा रोग आहे असेही कोणी समजू नये. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपानच्या एका मोठ्या विमानात न्याहारीनंतर सुमारे दोनशे प्रवासी आकाशातच आजारी पडले. विमान कोपनहेगनला उतरवून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. चौकशीत आढळले की अलास्कात ज्या स्वयंपाक्याने तो पदार्थ हाताळला, त्याच्या बोटांना जखमा होत्या आणि अन्न पुष्कळ तास उबेत राहिले होते. एका माणसाची दुखरी बोटे आणि विमानभर लोक आजारी! आपल्याकडे तर पीठ मळायला, बटाटे सोलायला वीस-वीस हात असतात.

तिसरा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, हा खास मोठ्या भांड्यांचा. घरच्या चार माणसांच्या वरणात त्याला फारशी संधी मिळत नाही. हजार माणसांच्या डेगीत मिळते. त्यालाही कवचाचे बी असते. डेगीत वरण किंवा रस्सा शिजला, वर झाकण, भोवती निखारे विझलेले. बाहेरून हात लावला तर भांडे निवलेले वाटते, पण मध्यभाग तासन् तास कोमट राहतो आणि खाली हवा नसते. या जंतूला हवा नकोच असते. त्रेचाळीस ते पंचेचाळीस अंश उष्णतेत तो सर्वांत जोराने वाढतो. सुमारे दहा मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहावा. एका तासात एकाचे चौसष्ट, आणि तीन तासांत एकाचे दोन लाख बासष्ट हजारांवर. आता चंद्रपूरचा उन्हाळा आठवावा. वैशाखात सावलीतले तपमानच पंचेचाळीसच्या वर जाते. म्हणजे त्या जंतूला जी ऊब लागते, ती मांडवात फुकट मिळते! हे लाखो जंतू पोटात गेले की आतड्यात विष सोडतात. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन हगवण लागते, उलट्या क्वचितच होतात. दुपारी जेवलेला माणूस मध्यरात्री उठतो तो याने. या एका जंतूबाबत वाढण्यापूर्वी पुन्हा खळखळून आणलेली उकळी कामी येते, कारण वाढलेले जंतू तिच्यात मरतात. भात आणि खव्याच्या विषाला ती उकळी लागू पडत नाही.

अग्नीने सर्व शुद्ध होते, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. म्हणून आचारी निर्धास्तपणे सांगतो, ‘वाढायच्या आधी एक चटका देऊ, काही होत नाही.’ अग्नी जंतूला मारतो हे खरे, पण जंतूने मागे ठेवलेले विष जाळीलच असे नाही. तेव्हा खरी काळजी चुलीवर घ्यायची नसून चूल आणि पंगत यांच्यामधल्या तासांची घ्यायची आहे.

हे तास कसे वाढतात ते सर्वांना माहीत आहे. आचारी रात्री दोनला चूल पेटवतो, कारण दहाला पंगत बसायची असे पत्रिकेत छापलेले असते. पहाटे पाचला भात उतरतो, तो ताडपत्रीवर किंवा टोपल्यांत रचला जातो आणि वर ओले फडके. भाजी कढईतच. दहाला काल्याचे कीर्तन सुरू होते आणि महाराज रंगात आले की बाराला संपते. मग सत्कार. मग प्रमुख पाहुण्यांची मोटार अजून फाट्यावरच आहे असा निरोप येतो. नारळ-शाल होऊन पहिली पंगत बसते तेव्हा दोन वाजलेले असतात, आणि शेवटची पंगत, म्हणजे रात्रंदिवस राबलेले स्वयंसेवक, वाढपी आणि बायाबापड्या, चार-पाचला जेवतात. पहाटे पाच ते सायंकाळी पाच, बारा तास! पाहुण्यांना उशीर झाला तर त्यांनी मागून जेवावे, त्यात कोणाचा अपमान नाही. अन्न मात्र कोणासाठी थांबवू नये.

उपाय खर्चाचा नाही. सगळा भात एकदम रांधण्याऐवजी तीन-चार खेपांत रांधावा. पहिली पंगत उठताना दुसऱ्या खेपेचा भात उतरावा. आचाऱ्याला याचा त्रास होतो, तो कुरकुर करील, त्याला चार पैसे अधिक द्यावेत. शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न पानावर पडावे. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. वरण-भाजीखाली विस्तव राहू द्यावा, वाफ निघत राहिली पाहिजे. साठ अंशांच्या वर अन्न असले तर जंतू वाढत नाहीत. थंड करून ठेवायचेच असेल तर खोल गंजात नव्हे, पसरट परातींत पातळ थराने. ज्याच्या हाताला जखम, फोड, किंवा ज्याला स्वतःलाच जुलाब आहेत, त्याने चपला सांभाळाव्यात, मांडव पाहावा, देवाची सेवा तीही आहे. फक्त अन्नाला हात लावू नये. साबण आणि पाण्याची टाकी चुलीजवळच हवी. शंभर पावलांवर असली तर कोणी जात नाही. उरलेले अन्न घरी बांधून नेण्याची चाल या एका दिवसापुरती सोडावी, कारण दुसऱ्या दिवशी तेच अन्न लेकरांच्या ताटात जाते.

जुन्या लोकांनी प्रसादाला लाह्या, फुटाणे, बत्तासे, खोबरे का ठेवले असावे, याचाही विचार करावा. कोरड्या आणि साखरेच्या पदार्थात जंतू वाढत नाही. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला किंवा महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेलेला माणूस प्रसाद पदरात बांधून दोन-दोन दिवस चालत घरी येत असे, आणि त्या प्रसादाने कोणाला बाधत नसे. खव्याचे पेढे आणि पातळ बासुंदी ही अलीकडची हौस. घरी नेण्याच्या प्रसादाला कोरडी बुंदी पुरेशी आहे.

भगरीविषयी एक शब्द, कारण उपवासाच्या दिवशी तीच असते. दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि त्या बुरशीचेही विष होते. सुटे, दळून ठेवलेले भगरीचे पीठ घेऊ नये. भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळावी. पाण्याविषयी तर वेगळे सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने कॉलरा होऊन माणसे दगावली. मांडवातल्या प्रत्येक टाकीत क्लोरिन पडले की नाही हे एका नेमलेल्या माणसाने पाहावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्याचा स्वतंत्र अध्याय लिहिला तो काही उगाच नव्हे.

एवढे करूनही बाधा झालीच तर? तर पहिली गोष्ट, लपवू नये. मंदिराची बदनामी होईल, समितीवर बालंट येईल, या भीतीने पहिले काही तास दडवादडवीत जातात आणि म्हातारी माणसे व लहान लेकरे त्याच तासांत हातची जातात. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, १०८ ला फोन करावा. दुसरी गोष्ट, अन्न फेकून भांडी घासून टाकू नयेत. खरे तर प्रत्येक पदार्थाची एक वाटी, झाकून, तारीख-वेळ लिहून, बर्फात किंवा कोणाच्या घरच्या फ्रिजमध्ये आधीच काढून ठेवावी. तो नमुना असला तर प्रयोगशाळा सांगू शकते. नसला तर पाल आणि करणी यांनाच साक्षीला बोलवावे लागते. तिसरी, एक वही घालावी. नाव, वय, काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, किती वाजता त्रास सुरू झाला, आधी उलटी की आधी जुलाब. सहा तासांच्या आत उलट्या असतील तर संशय भाताकडे किंवा खव्याकडे जातो; रात्री उशिरा नुसती हगवण असेल तर डेगीकडे; दोन-तीन दिवसांनी भाताच्या धुवणासारखे जुलाब असतील तर पाण्याकडे. डॉक्टरांना ही वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणि उपचार. माणूस मरतो तो बहुधा विषाने नव्हे, तर अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. आपल्याकडे समज असा की सलाईन लावले म्हणजेच उपचार झाला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित आपल्या देशात आले. बंगालच्या सीमेवर बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, माणसे जमिनीवर पडलेली, आणि सलाईन संपत आले. कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. पाजत राहा, एवढेच सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते शेकडा चारच्याही खाली आले. पुढे जगभर हाच उपचार मान्य झाला. २०२२ साली ते वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

त्याच उपचाराचे आजचे रूप म्हणजे ओआरएसचे पाकीट. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पूर्ण पाकीट. अर्धे घालू नये, पाणी कमी घेऊ नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर लेकराला अपाय होतो, म्हणून मोजूनच. मीठ घातलेली भाताची पातळ पेजही चांगली, आणि ती तर आपल्या घरोघरी होते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून लेकरांना देऊ नयेत. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, ग्लानी आली, शौचात रक्त दिसले, किंवा घोटभरही पोटात राहीना, तर मात्र घरी बसू नये. तेथे सलाईनच हवे आणि दवाखानाच हवा.

ओआरएसची पाकिटे आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य मिळतात, आशाताईंकडेही असतात. समितीने कलशारोहणाच्या आदल्या दिवशीच पुरेशी पाकिटे आणून मंदिराच्या भांडारघरात ठेवावीत, शेजारी लिटरची चार मापे ठेवावीत, आणि भांडारघराची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी महाप्रसादाच्या रात्री गावातच मुक्काम करावा.